रांग मोडा, खेळ मांडा

जर्मनीत 2024-25च्या हंगामापासून लहान मुलांच्या फुटबॉलचे रूप पालटले आहे. सहा-सात वर्षांच्या मुलांसाठी आता छोटी छोटी मैदाने आखली जातात आणि त्यावर दोघांविरुद्ध दोघे किंवा तिघांविरुद्ध तिघे खेळतात. गोल दोन नसतात, चार असतात. दोन्ही टोकांना दोन-दोन, लहान आकाराचे. गोलरक्षक नसतो. गोल झाला की ठरलेल्या क्रमाने एक मूल बाहेर जाते आणि बाहेरचे आत येते, त्यामुळे कोणी बाकावर बसून सकाळ घालवत नाही. काही मिनिटांची फेरी संपली की जिंकलेला संघ शेजारच्या वरच्या मैदानावर सरकतो, हरलेला खालच्या. म्हणजे दोन-तीन फेऱ्यांतच तुल्यबळ मुले समोरासमोर येतात. वय वाढते तशी संघातली संख्या वाढत जाते, दहा-अकराव्या वर्षी ती पाच ते सातपर्यंत पोहोचते. या सर्वांत लहान गटांसाठी गुणतक्ता नसतो. चार वेळा विश्वचषक जिंकलेल्या आणि 2018 व 2022 अशा लागोपाठ दोन विश्वचषकांत साखळीतच बाद झालेल्या देशाच्या फुटबॉल संघटनेने हा ठराव 2022 मध्ये केला. त्यावर वादळ उठले. बोरुसिया डॉर्टमुंड या क्लबचे प्रमुख आणि संघटनेचे उपाध्यक्ष हान्स-योआखिम वाट्सके यांनीच 2023 मध्ये जाहीर टीका केली. लहानपणी हरण्याचा अनुभव आला नाही तर मोठेपणी जिंकण्याचे बळ येणार नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता.

हा वाद जर्मनीपुरता नाही. मुंबई-पुण्यातल्या अकादमीत, कोल्हापूरच्या पेठेत किंवा गोव्यातल्या गावच्या मैदानावर मुलाला फुटबॉलला घालणाऱ्या प्रत्येक पालकाच्या मनात तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत असतो. एक बाजू म्हणते, आधी पाया पक्का करा; पास, ट्रॅपिंग, ड्रिबलिंग घोटून घ्या, खेळायला जन्म पडला आहे. दुसरी बाजू म्हणते, एवढीशी तर पोरे, त्यांना हुंदडू द्या, शिस्त पुढे येईलच. मग बहुतेक प्रशिक्षक मधला मार्ग काढतात. तासातली चाळीस मिनिटे शंकूंमधून चेंडू न्यायचा, रांगेत उभे राहून पास द्यायचा आणि शेवटची वीस मिनिटे ‘मॅच’ खेळायची, तीही सगळ्यांनी नीट सराव केला तर. माझे म्हणणे असे, की हा मधला मार्गच मुळात चुकीच्या गृहीतकावर उभा आहे. मजा आणि पाया यांना तासाची वेगवेगळी मिनिटे वाटून देण्याची गरज नसते. बारा वर्षांच्या आतल्या मुलांसाठी नीट रचलेला छोटा खेळ हाच पाया घालण्याचा सर्वांत चांगला मार्ग आहे, आणि मुलांना मजाही त्यातच येते. प्रशिक्षकाचे कसब दोन्हींचे प्रमाण ठरवण्यात नसून असा खेळ रचण्यात आहे.

त्यासाठी आधी पाया कशाला म्हणायचे ते पाहू. चेंडू पायाखाली घेणे, दोन्ही पायांनी पास देणे, चेंडू घेऊन वळणे, समोरच्याला चकवणे ही कौशल्ये तर पायात मोडतातच. पण फुटबॉलमध्ये पायाइतकेच काम डोळ्यांचे असते. चेंडू येण्याआधी मान वळवून कोण कुठे आहे ते टिपणे, मोकळी जागा हेरणे, पास द्यायचा की चेंडू स्वतः न्यायचा हे अर्ध्या सेकंदात ठरवणे, आणि पास दिल्यावर जागा बदलणे, हेही मूलभूतच आहे. रांगेतल्या सरावात या दुसऱ्या अर्ध्या भागाला जागाच नसते. शंकू पाय घालत नाही, जागा बदलत नाही, फसतही नाही; चेंडू कुठे द्यायचा हे प्रशिक्षकाने आधीच सांगितलेले असते. आणि पहिल्या अर्ध्या भागाचा हिशेबही फारसा चांगला नाही. बारा मुलांची एक रांग, एक चेंडू आणि प्रत्येकाला दहा सेकंदांची पाळी असे धरले, तर एका मुलाची पाळी दोन मिनिटांनी येते. पंधरा मिनिटांत त्याच्या वाट्याला सात-आठ पाळ्या, म्हणजे सव्वा मिनिटाचा खेळ. उरलेली पावणेचौदा मिनिटे ते मूल उभे राहायला शिकते. अकरा विरुद्ध अकरांचा मोठा सामना हा यावरचा उपाय नाही, कारण तिथे बावीस मुलांमागे चेंडू एकच असतो, आणि तो दोन-चार धिप्पाड, धीट मुलांच्या पायातच फिरतो. म्हणून रांगही नको आणि मोठ्या माणसांच्या सामन्याची नक्कलही नको. संघात तीन-चार मुले असली की चेंडू कोणालाच टाळता येत नाही, आणि प्रत्येक वेळी तो समोरच्याचा विचार करूनच खेळावा लागतो.

शिकण्याच्या शास्त्रातही याला आधार आहे. 1986 मध्ये गुड आणि मॅगिल या संशोधकांनी बॅडमिंटन शिकणाऱ्या नवख्यांना तीन प्रकारच्या सर्व्हिस शिकवल्या. एका गटाने एक प्रकार पुरता घोटून मग दुसरा घेतला. दुसऱ्या गटाने तिन्ही प्रकार उलटसुलट क्रमाने केले. नंतर परीक्षा घेतली आणि कोर्टाची बाजूही बदलून पाहिली, तेव्हा उलटसुलट क्रमाने शिकलेले सरस ठरले. हालचाली शिकण्याविषयीच्या संशोधनात असा निष्कर्ष वारंवार दिसला आहे: एकच गोष्ट सलग घोटली की सरावात ती सफाईदार दिसते, पण टिकाऊपणात आणि नव्या परिस्थितीत ती कमी पडते. दर वेळी थोडा वेगळा प्रश्न समोर आला, तर मेंदूला दर वेळी उत्तर नव्याने जुळवावे लागते, आणि जे जुळवावे लागते ते मुरते. शनिवारच्या सरावात शंकूंमधून लीलया चेंडू नेणारे मूल रविवारच्या सामन्यात गोंधळते, त्याचे कारण त्याचा आळस नसतो. त्याला ज्या परिस्थितीत शिकवले, ती परिस्थिती सामन्यात कधी येतच नाही. इंग्लंडमधील लफबरो विद्यापीठातील बंकर आणि थॉर्प यांनी 1982 मध्येच सुचवले होते, की मुलांना आधी खेळाचा सोपा अवतार द्यावा, त्यात कुठे अडते ते त्यांना कळू द्यावे आणि मग त्या अडचणीवरचे तंत्र शिकवावे. तंत्र कशासाठी हवे हे कळले, की मूल ते मागून घेते.

मोठ्या खेळाडूंचे बालपण तपासले तरी सूर तोच निघतो. इंग्लंडमधील क्लबांच्या अकादमींतल्या मुलांवर फोर्ड आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. सोळाव्या वर्षी ज्यांना क्लबने पुढे घेतले आणि ज्यांना सोडून दिले, त्यांच्या सहा ते बारा या वयातील तासांची तुलना त्यात होती. प्रशिक्षकाच्या हाताखालच्या सरावाचे तास दोन्ही गटांत जवळपास सारखे निघाले. फरक होता तो मित्रांबरोबर स्वतःहून खेळलेल्या फुटबॉलचा. पुढे गेलेल्यांनी तो जास्त खेळला होता. अभ्यासातील मुलांची संख्या लहान होती, त्यामुळे तेवढ्यावर इमला बांधू नये. पण 2016 मध्ये जर्मनीच्या खेळाडूंवर झालेल्या अभ्यासातही राष्ट्रीय संघात पोहोचलेल्यांनी हौशी खेळाडूंपेक्षा लहानपणी असंघटित फुटबॉल जास्त खेळल्याचे आणि एकाच खेळाला उशिरा वाहून घेतल्याचे दिसले. गल्लीतल्या त्या खेळात शिकवणारे कोणी नव्हते, पण शिकण्याची सगळी सामग्री होती: कमी जागा, कमी खेळाडू, सतत चेंडू, खऱ्या लढती आणि चूक झाली तर ओरडणारे कोणी नाही. आज शहरांत ती गल्ली गाड्यांनी भरली आहे, आणि सोसायटीच्या आवारात चेंडू खेळायला मनाई आहे. पूर्वीच्या मुलांना प्रशिक्षकाकडे येण्याआधीच शेकडो तासांचा खेळ मिळालेला असे. आताच्या मुलाच्या पायाला चेंडू लागतो तोच मुळी फी भरलेल्या तासात. अशा मुलाला तिथेही रांगेतच उभे केले, तर खेळायला ते जाणार कुठे? गल्लीने जे फुकट दिले, ते आता प्रशिक्षकालाच द्यावे लागणार आहे.

मजा या गोष्टीविषयीही आपला समज तपासायला हवा. मजा म्हणजे हसणे-खिदळणे, सवलत, सरावाच्या शेवटी वाटलेली चॉकलेटे, असे मोठ्यांना वाटते. मुलांना विचारले तर वेगळेच उत्तर मिळते. अमेरिकेतील जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठातील अमांडा विसेक आणि सहकाऱ्यांनी फुटबॉल खेळणारी मुले, त्यांचे पालक आणि प्रशिक्षक यांना खेळात मजा कशामुळे येते हे विचारले आणि 81 कारणांची यादी क्रमवार लावली. मुलांच्या लेखी सर्वांत वर आले ते जीव तोडून प्रयत्न करणे, प्रशिक्षकाने मानाने वागवणे आणि प्रत्यक्ष खेळायला मिळणे. जिंकणे 48व्या क्रमांकावर होते. म्हणजे मुलांची मजा कष्टाच्या विरोधात नाहीच. कष्ट करायला वाव मिळणे हीच त्यांची मजा आहे. आणि ती नसेल तर काय होते, हेही मोजले गेले आहे. सिअॅटलच्या बार्नेट, स्मोल आणि स्मिथ यांनी 1992 मध्ये मुलांच्या बेसबॉल संघांच्या काही प्रशिक्षकांना हंगामाआधी अडीच तासांची कार्यशाळा दिली: चांगल्या प्रयत्नाची दखल घ्या, चुकीनंतर धीर द्या, मगच दुरुस्ती सांगा. पुढच्या हंगामात त्यांच्या संघांतली 5 टक्के मुले खेळ सोडून गेली. कार्यशाळा न मिळालेल्या प्रशिक्षकांकडून 26 टक्के गेली. दोन्हीकडच्या संघांच्या हारजितीत मात्र फरक नव्हता. खेळ सोडून गेलेल्या मुलाचा पाया कोणीच पक्का करू शकत नाही, ही साधी गोष्ट पायाचा आग्रह धरणाऱ्यांनी आधी ध्यानात घ्यावी.

मग खेळातून पाया घालायचा कसा? मुलांना चेंडू देऊन बाजूला बसणे म्हणजे प्रशिक्षण नव्हे. प्रशिक्षकाला आज काय शिकवायचे ते ठरवून नियम असे बांधावे लागतात, की ते कौशल्य वापरल्याशिवाय मुलांचे काम भागणार नाही. मान वर करून पाहायची सवय लावायची असेल, तर चार गोलांचा खेळ लावावा. एका गोलासमोर गर्दी झाली की दुसरा मोकळा असतो, आणि तो मान वर केल्याशिवाय दिसत नाही. जर्मनीच्या नव्या पद्धतीत चार गोल आले ते याचसाठी. त्यामागे होर्स्ट वाईन या जर्मन प्रशिक्षकाने रुजवलेला तिघांविरुद्ध तिघांचा खेळ आहे. चेंडू पायाजवळ ठेवायला शिकवायचे असेल, तर प्रत्येकाकडे चेंडू देऊन चोर-पोलीस खेळावे: आपला चेंडू सांभाळायचा आणि दुसऱ्याचा आखलेल्या चौकटीबाहेर घालवायचा. डाव्या पायासाठी, डाव्या पायाने केलेला गोल दोन धरावा. एकट्याने चकवायचे धाडस हवे असेल, तर मैदान अरुंद करून एकास एक अशा लढती लावाव्यात. खेळ चालू असताना प्रशिक्षकाने पाहत राहावे, मोजक्या वेळी थांबवावे, वीस-तीस सेकंदांत एकच गोष्ट सांगावी किंवा विचारावी, ‘चेंडू येण्याआधी तुला कोण दिसत होते?’ आणि लगेच खेळ पुन्हा सुरू करावा. ज्या मुलाचा पाय चेंडूवर चुकीचा पडतो, त्याला बाजूला घेऊन जोडीदाराबरोबर पाच मिनिटे ते एकच तंत्र करून घ्यावे आणि परत खेळात पाठवावे. सुट्या सरावाची खरी जागा ही आहे: खेळात गरज दिसल्यावर, थोडा वेळ, प्रत्येक जोडीकडे चेंडू असताना.

यावर पहिला आक्षेप असा येतो, की घोटल्याशिवाय काही बसत नाही; गाणे शिकणारा पलटे घोटतोच ना? या आक्षेपात तथ्य आहे, आणि ते नाकारण्याचे कारण नाही. पुनरावृत्ती हवीच. पण पलटे घोटणाऱ्याचा सूर हिसकावून घ्यायला समोर कोणी उभा नसतो. फुटबॉलमधले प्रत्येक कौशल्य प्रतिस्पर्ध्याच्या विरोधात वापरायचे असते, त्यामुळे त्याची पुनरावृत्तीही विरोधासह व्हायला हवी. छोट्या खेळात ती कमी होत नाही, रांगेच्या मानाने कितीतरी वाढते. काही गोष्टी मात्र खरोखर वेगळ्या काढून शिकवाव्या लागतात. चेंडू डोक्याने मारणे किंवा घसरून टॅकल करणे चुकीचे शिकले तर इजा होते, तिथे खेळावर सोडून चालणार नाही. अमेरिकेच्या फुटबॉल संघटनेने 2015 मध्ये दहा वर्षे व त्याखालील मुलांना डोक्याने चेंडू मारायलाच बंदी घातली, ती याच काळजीपोटी. वयाचाही विचार हवा. सहा वर्षांच्या मुलाला पुनरावृत्तीचे प्रयोजन कळत नाही. बारा-तेराव्या वर्षी ते कळते, आणि आपल्या पासमधला दोष काढण्यासाठी ते स्वतः भिंतीवर शंभर वेळा चेंडू मारते. सुट्या सरावाचा वाटा वयाबरोबर वाढत जावा. शिकण्याची सुरुवातच त्याने होऊ नये.

दुसरा आक्षेप वाट्सके यांचा: स्पर्धा काढून घेतली तर मुले लेचीपेची होतील. पण जर्मन पद्धतीत गोल मोजले जातात, आणि हरणारा खालच्या मैदानावर जातो. उलट एका सकाळी मूल अनेकदा जिंकते आणि अनेकदा हरते, आणि प्रत्येक हारीनंतर दहा मिनिटांत नवी लढत मिळते. काढून घेतला आहे तो हंगामभराचा तक्ता, आणि तो काढला आहे मोठ्यांच्या वागण्यासाठी. तक्ता लागला की आठ वर्षांच्या मुलांचा प्रशिक्षकही गुणांसाठी खेळवतो: सर्वांत दांडग्या मुलाकडे लांब चेंडू मारा, चकवायला जाऊ नका, बारक्या मुलांना शेवटच्या पाच मिनिटांत घ्या. यात जानेवारी-फेब्रुवारीत जन्मलेली मुले पुढे जातात, कारण वयोगट 1 जानेवारीपासून मोजला तर डिसेंबरमधल्या मुलापेक्षा ती जवळजवळ वर्षाने मोठी असतात. अनेक देशांच्या युवा संघांत हा झुकाव आढळला आहे. निवड गुणांची होते असे वाटते, आणि होते ती उंचीची. नॉर्वेने 1987 मध्ये मुलांच्या खेळासाठी नियम केले आणि पुढे अकरा वर्षांखालच्या मुलांचे निकाल-तक्ते बंद ठेवले. त्याच देशातल्या ब्रिन या लहान गावी नामवंत फुटबॉलपटू अर्लिंग हालांड चाळीसच्या आसपास मुलांच्या गटात वाढला आणि त्या गटातून कोणाला वगळले गेले नाही. त्याचे वडील व्यावसायिक फुटबॉलपटू होते, तेव्हा श्रेय एका पद्धतीला देणे बरोबर नाही. पण तक्त्याविना वाढलेल्या मुलाची जिंकण्याची भूक मरते, हा दावा मात्र त्याच्याकडे पाहून करता येत नाही.

तिसरा आक्षेप आपल्या मातीतला आहे आणि सर्वांत वजनदार आहे: आमच्याकडे चाळीस मुले, पाच चेंडू आणि अर्धे मैदान, हे युरोपचे चोचले इथे कसे चालणार? हिशेब करून पाहावा. पाच चेंडूंच्या पाच रांगा केल्या तर एका वेळी पाच मुले खेळतात आणि पस्तीस उभी राहतात. तेच पाच चेंडू चौघांविरुद्ध चौघांच्या पाच खेळांना दिले तर चाळीसही मुले खेळतात. गोलांसाठी चपला किंवा विटा पुरतात, आखणीला चुना पुरतो. साधने कमी असतील तिथे छोटा खेळ ही चैन नाही, तीच काटकसर आहे. नागपुरात विजय बारसे यांनी 2001 मध्ये वस्तीतल्या मुलांसाठी सुरू केलेल्या स्लम सॉकरचे मूळ मोडक्या बादलीला लाथा मारत खेळणाऱ्या पोरांमध्ये होते. खेळाची ओढ साधनांची वाट पाहत नाही. भारतीय फुटबॉल महासंघानेही 2018 मध्ये ‘गोल्डन बेबी लीग’ सुरू करून लहान वयोगटांसाठी छोट्या संघांचा खेळ पुढे आणला. कोल्हापुरात तालमींच्या संघांचे सामने पाहायला छत्रपती शाहू स्टेडियम भरते, गोव्यात गावागावांत फुटबॉल मुरलेला आहे. मुलांना ओढ लावण्याचे काम तिथे आधीच झालेले असते. ती ओढ सरावाच्या पहिल्या महिन्यात विझू न देणे एवढेच प्रशिक्षकाच्या हाती असते.

खरी अडचण जागेची किंवा चेंडूंची नाही, नजरेची आहे. सरळ रांग, एकसारख्या हालचाली, शिट्टीबरोबर थांबणारी मुले हे दृश्य पालकांना शिस्तीचे वाटते आणि फी वसूल झाल्यासारखे वाटते. एकाच वेळी चाललेले पाच छोटे सामने गोंगाटाचे आणि गबाळे दिसतात. त्यामुळे चांगला प्रशिक्षकही पालकांच्या धाकाने रांगेकडे वळतो. शिवाय खेळ रचणे रांग लावण्यापेक्षा अवघड आहे. कुठला नियम कुठली सवय लावतो, कुठे थांबवायचे आणि कुठे बोलायचे नाही, हे शिकावे लागते. आइसलंडने, तेव्हा जेमतेम साडेतीन लाख वस्तीच्या देशाने, 2016च्या युरो स्पर्धेत इंग्लंडला हरवले आणि 2018चा विश्वचषक गाठला. त्यामागे बंदिस्त मैदानांबरोबरच लहान मुलांनाही पात्रताधारक प्रशिक्षक देण्याचा आग्रह होता. आपल्याकडे उलट चालते: सर्वांत अनुभवी प्रशिक्षक मोठ्या संघाला आणि नवशिका मदतनीस लहान मुलांना. पायाचा आग्रह खरा असेल, तर सर्वांत जाणता माणूस सर्वांत लहान गटाकडे जायला हवा आणि त्याला त्याचा योग्य मोबदला मिळायला हवा.

पालकांना हे सगळे ओळखण्यासाठी फुटबॉलचे जाणकार असण्याची गरज नाही. सरावाच्या वेळी कुंपणाबाहेर दहा मिनिटे उभे राहून आपल्या मुलाच्या पायाला चेंडू किती वेळा लागला आणि ते किती वेळ नुसते उभे होते, एवढे मोजावे. ते स्वतः काही ठरवत होते, की फक्त सांगितलेले करत होते, हे पाहावे. घरी आल्यावर पुन्हा जायचे म्हणते का, हे ऐकावे. आणि तीन महिन्यांनी त्याचा कच्चा पाय सुधारला का, तेही विचारावे, कारण नुसती मजा झाली आणि पायात काही आले नाही, तर तीही फसवणूकच आहे. ही चारही उत्तरे एकाच वेळी चांगली देणारे प्रशिक्षक आपल्या गावांत आज आहेत. त्यांच्या मैदानावरचा गोंगाट पाहून नाक मुरडू नका, त्यांच्या पाठीशी उभे राहा. या मुलांतली फार थोडी व्यावसायिक फुटबॉलपटू होतील. बाकीच्यांच्या वाट्याला उरेल ते बळकट शरीर, इतरांबरोबर खेळण्याची समज आणि चाळिशीतही मैदानावर उतरावेसे वाटेल एवढे प्रेम. पुढे जाणाऱ्या मोजक्यांसाठी आणि मागे राहणाऱ्या असंख्यांसाठी दोन वेगळ्या पद्धतींची गरज नाही. बाराव्या वर्षापर्यंत दोघांनाही एकच गोष्ट हवी असते: विचारपूर्वक रचलेला, सर्वांना सामावणारा, भरपूर खेळ.